थोरलीचा घास

दात कितीही दुखला तरी मी दंतवैद्याकडे जायचं टाळतो. तिथे दारातच लवंगेच्या तेलाचा वास येतो आणि तो मला सोसत नाही. लोकांना वाटतं मी सुईला घाबरतो. वाटू दे.

आमच्या कामात हे तेल माशांना गुंगी आणायला वापरतात. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हसलो होतो. मासा पकडायचा, तो कापायचाही नाही, खायचाही नाही, आणि वर त्याला दुखू नये म्हणून औषध द्यायचं. गोव्यात शिरगावच्या एका खाणीच्या प्रयोगशाळेत मी बावीस वर्षं मातीतलं लोह मोजलं होतं. मातीला कुणी गुंगी देत नाही. खाण बंद झाली, ट्रक लोकांच्या अंगणात उभे राहून गंजायला लागले, आणि पंचेचाळिशीत मी रिकामा झालो. तेव्हाच नदीतल्या माशांचा अभ्यास करणाऱ्या एका प्रकल्पाला मदतनीस हवा होता. मला नळी नीट धरता येत होती आणि रजिस्टर सुवाच्य लिहिता येत होतं, एवढ्यावर मॅडमनी मला घेतलं. मॅडम म्हणजे प्रकल्पाच्या प्रमुख. वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, पण मला त्यांचा धाक होता.

नदीतला मासा पाण्याबाहेर काढला की जिवाच्या आकांताने धडपडतो. त्यात अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, खवलं उडतात. परत सोडलात की तो झोकात निघून जातो आणि तुम्हाला वाटतं, सुटला. तीन-चार दिवसांनी तो कुठल्या तरी दगडाखाली मरतो. भीतीच त्याला आतून खाते, असं मॅडम सांगत. म्हणून आधी टबातल्या पाण्यात लवंगेचं तेल. पण तेल पाण्यात मिसळत नाही, हे फोडणी करणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. म्हणून ते आधी कडक स्पिरिटमध्ये विरघळवायचं आणि मग ते स्पिरिट पाण्यात ओतायचं. मासा त्यात सोडला की पहिल्यांदा कल्ले भराभरा हलतात. मग तो तिरका होतो, मग त्याला वरखाली कळेनासं होतं आणि तो कुशीवर पडतो. कल्ले तेवढे संथ चालू असतात. तेवढ्यात लांबी घ्यायची, वजन घ्यायचं, फोटो काढायचा आणि त्याला साध्या पाण्याच्या बाल्दीत दोन्ही हातांनी उभा धरायचा. हळूहळू कल्ले जोर धरतात, शेपटी एक झटका देते आणि मासा हातातून निसटतो. तो निसटेपर्यंत हात सोडायचा नाही, हा मॅडमचा पहिला नियम. दुसरा नियम, हे काम एकट्याने करायचं नाही.

हे सगळं मी सर्वणच्या ओहोळात बोटाएवढ्या माशांवर शिकलो. मला तो निसटण्याचा क्षण फार आवडायचा. खोटं कशाला बोलू, दिवसभरात माझ्या हातांना लागणारी जिवंत वस्तू तेवढीच होती. लग्न राहून गेलं होतं. दोडामार्गला भावाचं घर आहे, तिथे चतुर्थीला जाऊन आरतीला उभं राहावं आणि दुसऱ्या दिवशी निघावं, एवढंच नातं उरलं होतं. डिचोलीत बसस्टँडच्या मागे माझी खोली. एक खाट, एक स्टोव्ह, एक जनेल, आणि जनेलातून दिसणारी समोरच्या गॅरेजची भिंत. मला माणसं आवडत नाहीत, असं मी सगळ्यांना सांगत असे. कुणी विचारलेलं नसताना सांगत असे, यावरून काय ते समजावं.

प्रकल्पाला शिरगावच्या खाणीच्या खड्ड्यांतले आणि डिचोलीच्या ओहोळांतले मासे एका स्वच्छ पाण्यातल्या माशांशी ताडून बघायचे होते. तसं पाणी पेडण्यात सापडलं. धारगळला महामार्ग सोडून आत गेलं की एक गाव लागतं. त्याचं नाव मी सांगणार नाही. गावात ओहोळाची एक खोल कोंड, म्हणजे डोह, आहे आणि कोंडीतले मासे देवाचे. त्यांना कुणी पकडत नाही. पुस्तकात त्या जातीला महासीर म्हणतात, गावात देवाचे मासे म्हणतात. हातभर लांब, पाठ काळपट, आणि माणसाची सावली पाण्यावर पडली की पळण्याऐवजी जवळ येणारे.

त्यांना हात लावायचा तर देवाचा कौल हवा. गुरवाने देवाच्या पाषाणाला उजव्या-डाव्या अंगांना ओल्या पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, की ही माणसां माशांची मापां घेवक मागतत, रगात काडूची नायत, तुझी राजीखुशी असली तर उजवो दी. गावकर मंडळी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणत होती. बराच वेळ काही पडलं नाही. मॅडम उगाच घड्याळ बघत होत्या. मग उजवी पाकळी पडली.

पण देवापेक्षा माणसं कडक असतात. एका गावकराने विचारलं, "देव हो म्हणालो. पण एकादो मासो मेलो तर? जबाबदारी कोणाची?"

मॅडम काही बोलणार, इतक्यात मागून बायकांतून आवाज आला, "माजी."

बोलणारी बाई सत्तरीच्या पुढची होती. तिचं घर कोंडीच्या अगदी काठावर. रोज सकाळी घरात भात शिजला की त्यातला पहिला घास माशांना घालायचा, हा तिच्या घराचा मान. घरात ती एकटीच. नवरा जाऊन वर्षं झाली होती, मूल नव्हतं. नवरा गेल्यावर देवळातली बाकीची सगळी कामं तिच्या हातून गेली होती. हा घासाचा मान मात्र कुणी काढून घेतला नव्हता. जत्रेच्या दिवशी सगळा गाव काठावर उभा असताना तिला नावाने हाक मारायचे आणि ती पाण्यात उतरून घास घालायची. वर्षातून तेवढा एक दिवस. कोंडीच्या पलीकडच्या काठाला तिच्या दिराचं घर होतं आणि तो मान आपल्याकडे यावा, असं त्यांना फार वाटत होतं. गावकरांनी तिथेच सांगून टाकलं की एक जरी मासा मेला तरी कोंड बंद, आणि मान पलीकडे जाईल. ती म्हणाली, "जांवदे."

पुढे ओळख झाल्यावर मी तिला विचारलं, "काकी, तुमी आमका वळखीतसुद्धा नाय होतात. कित्याक पुढे झालात?"

ती म्हणाली, "चाळीस वर्सां घास घालतंय झिला. माशे वाडतत की नुसते फुगतत, तां माका बगूचा होता. आजून कोणी मापूक नाय."

मापं महिन्यातून एकदाच घ्यायची होती आणि तेव्हा मॅडम बरोबर असत. मी मात्र दर गुरुवारी जायला लागलो. पाण्याचं तापमान घ्यायचं निमित्त. तापमान घ्यायला एक मिनिट लागतं. मी सकाळी नऊला पोचायचो आणि दुपारी जेवून निघायचो. वाटेत धारगळला उंडे, म्हणजे आमच्याकडचे गोल कडक पाव, घ्यायचो, गरम असले तर शर्टाच्या आत धरून न्यायचो. ती चहा करायची, आम्ही पायरीवर बसायचो. ती मला माशांची ओळख करून द्यायची. हा लंगडा, ह्याचा एक पर अर्धाच आहे. ही भांडकुदळ. आणि ही थोरली, सगळ्यांत मोठी. थोरलीचा वरचा ओठ कधीतरी फाटून जुळला होता, त्यामुळे ती नेहमी काहीतरी बोलायच्या बेतात असल्यासारखी दिसायची. ती आधी खायची, मग बाकीचे. घासाच्या भातात मीठ नसे. माशांना मीठ सोसत नाही म्हणून काकी अख्खा भातच अळणी शिजवायची आणि स्वतःला वाढून घेताना वरून मीठ घ्यायची. माशांनी खाल्ल्याशिवाय ती तोंडात दाणा घालत नसे. माझ्या पानात आधी मीठ वाढून मग ती भात वाढायची. त्या एका जेवणावर मी आठवडा काढत होतो, हे आता लिहायला काही वाटत नाही. तेव्हा कुणी म्हटलं असतं तर मी भांडलो असतो.

ज्या दिवसाबद्दल सांगायचं आहे, तो मे महिन्यातला शेवटचा गुरुवार. खरं म्हणजे मापं घ्यायचा दिवस होता, पण मॅडमना पणजीला बैठक निघाली. त्या म्हणाल्या, "तुम्ही फक्त तापमान घेऊन या. मापं पुढच्या आठवड्यात दोघं मिळून घेऊ." मी बरं म्हटलं आणि सगळं सामान स्कूटरला बांधलं. कारण आधीच्या गुरुवारी काकीने विचारलं होतं, थोरली वाडली काय? पुढच्या खेपेला सांगतो, असं मी म्हटलं होतं. त्यात पुढच्या आठवड्यात पाऊस सुरू झाला तर कोंडीत चार महिने उतरता येणार नव्हतं. मला ते उत्तर तिला द्यायचं होतं. मॅडमनी नव्हे, मी.

धारगळला उंडे घ्यायला थांबलो तेव्हा सामानाची पेटी उघडून बघितली. तेल होतं, स्पिरिटची बाटली रिकामी होती. परत डिचोलीला जाऊन आणता आली असती. पण ऑफिसात शिरलो असतो तर कुणीतरी दुसरं काम गळ्यात मारलं असतं आणि गुरुवार बुडाला असता. मी तसाच पुढे गेलो.

काकीने माझं तोंड बघूनच विचारलं, "काय जाला?"

"स्पिरिट नाय. तेल विरघळवक होया."

"तां काय आसता?"

"दारूच म्हणा. नुसती भारी कडक."

"मगे सोरो आसा मरे घरात."

तिने आतून काजूच्या फेणीची बाटली आणली. ती बाटली घरात दोन कामांसाठी असायची: राखणदाराला ठेवायला आणि गुडघ्यांना चोळायला. आमच्याकडे रानाचा, पाण्याचा राखणदार दारू घेतो, रोटी घेतो, विडी ओढतो. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मी जरा घुटमळलो तर ती म्हणाली, "राखणदाराक चलता, मगे त्येच्या माशांक कित्याक नाय चलाचो?" आम्ही दोघं हसलो. मला आठवतं, मी मोठ्याने हसलो होतो.

फेणीत निम्म्याहून जास्त पाणी असतं. तेल तिच्यात नीट विरघळणार नाही, हे बावीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेल्या माणसाला कळायला पाहिजे होतं. बाटली हलवली तेव्हा ती दुधाळ झाली, आणि मी तेवढ्यावर समाधान मानलं. टबात ओतल्यावर काही थेंब वर चमकत राहिले, काही तळाशी जाऊन बसले. तेही मला दिसले. काकीने पाण्यात उभं राहून घास दाखवला, थोरली जवळ आली, आणि मी तिला जाळीच्या झोळीत घेऊन टबात ठेवली.

तिला काहीच होईना. ती टबात शांत उभी, कल्ले नेहमीसारखे. दहा मिनिटं गेली. मला वाटलं, फेणीमुळे तेल मवाळ पडलं. मी आणखी ओतलं. मग ते ढवळायला हात घातला आणि तळाशी बसलेलं सगळं तेल एकदम वर आलं. थोरली तिरकी झालीच नाही, एकदम पडली. मापं मी भराभर घेतली. टेप लावला, वजन घेतलं, आणि वर बघून ओरडलो, "दोन बोटां वाडली काकी. सहा महिन्यांत दोन बोटां."

तिचा चेहरा मी विसरणार नाही. तिने ओली बोटं पदराला पुसली आणि दोन बोटं एकमेकांना लावून बघितली. मग म्हणाली, "च्या ठेवतंय. आज गोड च्या," आणि पायऱ्या चढून घरात गेली.

मी थोरलीला बाल्दीत धरलं. कल्ले एकदा उघडले, मग बराच वेळ नाही. कल्ल्यांच्या आतल्या लाल झालरीला तेलाचे बारीक मणी चिकटले होते. मी तिला बाल्दीतून काढून ओहोळात नेलं, जिथे पाणी दगडांतून वेगाने येतं, आणि तिचं तोंड धारेकडे करून धरलं. पाणी तोंडातून आत जाऊन कल्ल्यांतून बाहेर पडायला हवं. पुढे-मागे करत राहिलो. डोक्यावरून मोपाच्या विमानतळावर उतरणारं विमान गेलं. वरच्या घरातून धूर आला. माझे पाय पाण्यात सुरकुतले, हातही. एकदा शेपटी हलली असं वाटलं. ती पाण्यानेच हलली होती. निसटेपर्यंत हात सोडायचा नाही, हा नियम मी पाळत होतो, एवढंच. कल्ल्यांचा लाल रंग फिका होत गेला, आणि मला कळूनसुद्धा मी तिला धरून उभा होतो.

मग मी ते केलं. वरच्या अंगाला करंजाच्या झाडाखाली वाळू ओली असते, तिथे हातांनी खड्डा केला आणि थोरलीला पुरलं. वर दगड ठेवला. हात धुतले, परत धुतले, तरी लवंगेचा वास गेला नाही.

पायरीवरून हाक आली, "झिला, च्या निवता."

मी सामान बांधता बांधता म्हटलं, "काकी, मॅडमचो फोन इलो. माका जावक होया."

"आणि थोरली?"

"गेली खोल."

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. "बरा," म्हणाली.

रजिस्टरमध्ये मी लिहिलं: सोडली, स्थिती चांगली. अक्षर सुवाच्य.

खरं सांगितलं तर तिचा मान जाईल, म्हणून मी गप्प राहिलो, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं. मला ते दार बंद झालेलं बघायचं नव्हतं. त्या पायरीवरची माझी जागा जाईल, याची मला भीती वाटली होती. आणि गंमत अशी, की जागा राहावी म्हणून खोटं बोललो आणि मग मीच तिकडे फिरकेनासा झालो. मॅडमनी मापं आणखी पुढे ढकलली. त्या गुरुवारी मी एकटाच निघालो, धारगळपर्यंत गेलो, उंडे घेतले आणि परतलो. तिच्यासमोर बसलो की ती थोरलीला हाका मारणार, ये गो, भियांव नको म्हणणार, आणि मी उंडा चहात बुडवणार. मला ते जमलं नसतं. त्यानंतर पावसाने सोय केली. कोंड भरली, मॅडमनीही तिकडचं काम चतुर्थीपर्यंत थांबवलं.

ते चार महिने मी कसे काढले, हे सांगण्यासारखं काही नाही. कामावर जायचो, यायचो, खोलीत बसायचो. गुरुवारी सवयीने दोन उंडे घ्यायचो. एक खायचो, दुसरा दुसऱ्या दिवशी दगड व्हायचा. गॅरेजच्या भिंतीवर शेवाळ कुठून कुठे चढलं, हे मी सांगू शकलो असतो. काकीकडे मोबाईल होता, पण तिला तो नीट लावता यायचा नाही. जूनच्या सुरुवातीला एकदा तिच्या नंबरवरून फोन वाजला आणि मी उचलेपर्यंत बंद झाला. उचलेपर्यंत म्हणजे काय, मी तो हातात धरून बघत बसलो होतो. मी परत केला नाही. त्याआधी मी एकटा राहत होतो. आता मी एकटा होतो, आणि त्यात फरक असतो.

चतुर्थी झाली आणि गावाकडून मॅडमना पत्र आलं. कोंडीतील मासा आपल्या हातून मयत झाल्याने दिलेली परवानगी रद्द करण्यात येत आहे, असं त्यात होतं. ठराव जूनच्या पहिल्या आठवड्यातला होता. पत्र त्यांनी सवडीने पाठवलं होतं. मॅडम म्हणाल्या, "ह्यांना कुणी सांगितलं? आपण तर एकही गमावला नाही."

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. फेणीसकट. मॅडम रागावतील असं वाटलं होतं. त्या उठल्या आणि दुसरं कपाट उघडलं. आत स्पिरिटच्या तीन बाटल्या होत्या, सील न फोडलेल्या.

"मला फोन केला असतात, तर तासाभरात गाडीबरोबर पाठवली असती," त्या म्हणाल्या. मग रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. "तुम्हीच खोडा."

मी 'सोडली' खोडून 'मेली' लिहिलं. मॅडमनी त्याच्याखाली सही केली आणि त्या बाहेर निघून गेल्या.

त्याच गुरुवारी मी गावात गेलो. कोंड पावसाने अजून गढूळ होती. पलीकडच्या काठावर दिराची सून पाण्यात उतरून भात टाकत होती आणि मासे तिच्या पायांशी जमले होते. लंगडा दिसला. काकी नेहमीच्या पायरीवर नव्हती. ती घराच्या दुसऱ्या बाजूला, कोंडीकडे पाठ करून बसली होती आणि सुपातले तांदूळ निवडत होती.

मी समोर जाऊन उभा राहिलो. "काकी, थोरली मेली," मी म्हटलं. "माज्या हातान मेली."

"ठावक आसा."

"कोणी सांगल्यान?"

"तू." तिने सूप खाली ठेवलं. "तू च्या पिल्याबगर गेलंस. सा महिन्यांत कदी गेलंस? मी तेन्नाच वर जावन बगलंय. करंजाखाली वाळू उकरलली. लवंगेची घाण येय होती."

"मगे देवळात कोणी सांगल्यान?"

"मी. दुसऱ्या दिसा. देवासमोर जबाबदारी मी घेतललंय, तेका खोटा कसा सांगू?"

मी विचारलं, "माजा नाव सांगलात?" विचारायला नको होतं, पण तोंडातून गेलं.

"तुजा नाव कित्याक? शब्द माजो होतो." तिने सुपातला एक खडा टिपून बाजूला टाकला. "ठराव झालो त्या दिसा तुका फोन लायललंय. येकटीन जावचा जीवार इला. तू येवन बाजूक नुसतो उबो रवलो असतंस तरी जाला असता."

मी तिला वाचवतोय असं समजून चार महिने खोलीत बसलो होतो. ती मात्र दुसऱ्याच दिवशी एकटी देवळात जाऊन, सगळ्या गावासमोर, उरलेला एकच मान ठेवून आली होती. आणि तो फोन मी हातात वाजू दिला होता.

"मेल्याचा दुख नाय माका," ती म्हणाली. "मासो आज ना उद्या मरतलोच. पण तू येवचो बंद झालंस, तां माका कळला नाय."

ती उठली आणि कुडाला हात लावत आत गेली. मला वाटलं, आता मी जावं. पण ताट वाजलं. ती बाहेर आली तेव्हा हातात भाताचं ताट होतं आणि ताटाच्या कडेला केळीच्या पानाच्या तुकड्यावर एक मूठ भात वेगळा काढून ठेवलेला होता.

"आजून काडतंय," ती म्हणाली. "हात आयकणा नाय. कावळे खातत." तिने तो पानाचा तुकडा माझ्यापुढे ठेवला. "तो घास पोटात गेल्याशिवाय माका जेवक येणा नाय. खा."

मी तिच्यासमोर बसून तो भात खाल्ला. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मी शेवटचं शीत गिळल्यावर तिने आपल्या ताटात हात घातला. भाताला मीठ नव्हतं.